नजरेचा जमाखर्च

दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, ही शिकवण आपल्याकडे प्रत्येक मुलाला लहानपणी मिळते. आणि ती देणारी वडीलधारी माणसं बहुधा स्वतःच्या खिडकीत उभी राहून, समोरच्यांकडे कोण पाहुणे उतरलेत ते बघत असतानाच ती देतात. "समोर बघू नकोस रे, त्यांचं भांडण चाललंय," हे वाक्य समोर बघितल्याशिवाय बोलताच येत नाही. नीतीचे बरेचसे नियम असेच असतात. ते सांगण्यासाठी आधी थोडेसे मोडावे लागतात.

तरीही प्रश्न खोटा नाही. बघणं हा अपराध नेमका कधी होतो? डोळे उघडे ठेवून चालणाऱ्या माणसाला चार गोष्टी दिसणारच. मराठी भाषेने या बाबतीत फार बारीक वर्गवारी करून ठेवली आहे. दिसणं, बघणं, निरखणं, न्याहाळणं, टक लावणं, डोकावणं आणि शेवटी पाळत ठेवणं. आमच्या बँकेत शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत जशी चढती श्रेणी असते, तशीच ही. 'दिसलं' म्हटलं की माणूस सुटला. सगळा दोष त्या दिसणाऱ्या गोष्टीचा. 'बघितलं' म्हटलं की थोडी जबाबदारी आली. आणि 'डोकावलं' म्हटलं की लेखी खुलासा मागवला जातो. पण आपण यांतल्या कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे ठरवायचं कसं?

आजवर हे काम देवाने डोळ्यांच्या अशक्तपणावर सोपवलं होतं. लांबचा चेहरा ओळखू येत नाही, चाळिशी लागली की जवळचा पेपरही वाचता येत नाही. मग माणूस आपोआपच सज्जन राहतो. माझ्या ओळखीचे काही लोक तर केवळ मोतीबिंदूमुळे सज्जन आहेत. पण मागच्या दिवाळीत माझ्या हातात एक यंत्र आलं, आणि देवाने घालून दिलेली ही मर्यादा एका बोटाने सरकवता येऊ लागली.

ते यंत्र म्हणजे निकॉनचा कूलपिक्स पी ९५० हा कॅमेरा. २०२० साली बाजारात आलेला, आणि त्यानंतर यथावकाश माझ्या गळ्यात आलेला. वजन किलोभर. गळ्यात अडकवला की मान आपोआप खाली जाते आणि माणूस नम्र दिसू लागतो. किंमत इथे सांगत नाही, कारण घरी सांगितलेली किंमत आणि बिलावरची किंमत यांचा ताळा अजून लागायचा आहे. अशा कॅमेऱ्याला दुकानात 'सुपरझूम' म्हणतात. बटण सरकवलं की भिंग पुढे सरकत बाहेर येतं आणि लांबची वस्तू अंगावर चालून आल्यासारखी जवळ येते. दुकानदार म्हणाला, "साहेब, ८३ पट!"

आता कॉमर्सच्या पदवीधराला कोणताही आकडा दाखवा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "कशाच्या?" आठ टक्के म्हणजे कशाच्या आठ टक्के? मुद्दलाच्या की शिल्लकेच्या? घरी येऊन माहितीपत्रक वाचलं, तेव्हा हिशेब उलगडला. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याच्या मापाने या भिंगाची झेप २४ मिलिमीटरपासून २००० मिलिमीटरपर्यंत. २००० भागिले २४ म्हणजे ८३. पण २४ मिलिमीटरला कॅमेरा जे दाखवतो, ते आपल्या डोळ्यांना दिसतं त्याहून लहान असतं. डोळ्यांच्या सहज दिसण्याच्या जवळपासचं माप फोटोग्राफर लोक ५० मिलिमीटर धरतात. त्या हिशेबाने खरी वाढ ४० पट. यात लबाडी कोणाचीच नाही. सुरुवात कुठून मोजायची एवढाच प्रश्न. तर ४० पट म्हणजे २०० मीटरवरचा माणूस ५ मीटरवर बसल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्याच्या चाकावर चंद्रासाठी एक खूण आहे, पक्ष्यांसाठी एक आहे. शेजाऱ्यांसाठी नाही. करणाऱ्यांनी विचार केलेला दिसतो.

बँकेतले सहकारी रजा-प्रवास सवलत, म्हणजे आमची एलएफसी, घेऊन अंदमानला नाही तर काश्मीरला जातात. मी साताऱ्याहून मुंबईला गेलो. गिरगावात एका चाळीत माझं सासर आहे. त्यामुळे राहण्याचा प्रश्न सुटतो, आणि बायको खूश राहते म्हणून बाकीचे प्रश्नही लांबणीवर पडतात.

पहिल्या दिवशी सकाळी मेहुण्यांना घेऊन ओव्हल मैदानावर गेलो. पूर्वेला राजाबाई टॉवर. उंची २८० फूट, १८७८ साली पूर्ण झालेला. पैसा दिला प्रेमचंद रायचंद या कापसाच्या आणि शेअरांच्या बड्या व्यापाऱ्याने, आणि नाव दिलं आपल्या आईचं. ही आई अंध होती आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचा जैन नेम पाळत होती, तिला टोल्यांवरून वेळ कळावी म्हणून हा टॉवर बांधला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो नसो, एवढ्या लांबून दिसणारी इमारत एका न दिसणाऱ्या बाईच्या नावाने उभी आहे, हे मला फार आवडलं.

या टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत. खालून जाणाऱ्याला ते दगडाचे फुगवटे वाटतात. मी भिंग पुढे सरकवलं आणि एक गृहस्थ एकदम समोर येऊन उभे राहिले. पागोटं, अंगरखा, दीडशे वर्षांचं ऊन खाल्लेला चेहरा. ज्याने ते घडवलं त्याला पुरतं ठाऊक होतं की इतक्या उंचावरचं काम रस्त्यावरून कोणाला धड दिसणार नाही. तरी त्याने कपड्यांच्या चुण्या सोडल्या नाहीत. आमच्याकडे तपासणीला साहेब येणार नसतील तर रजिस्टरमधल्या रेघासुद्धा कोणी सरळ मारत नाही! मी त्या अनाम कारागिराला मनातल्या मनात नमस्कार केला. दुर्बिणीचं भिंग असावं तर अशासाठी, असं वाटलं.

एवढ्यात मेहुणे म्हणाले, "भावोजी, जरा तिकडे वळवा की!"

तिकडे म्हणजे मैदानाच्या पश्चिमेला. ओव्हलची गंमत अशी की पूर्वेला गॉथिक पद्धतीच्या सार्वजनिक इमारती, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय. आणि पश्चिमेला आर्ट डेको पद्धतीच्या राहत्या इमारती. दोन्ही बाजू मिळून २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. मी कॅमेरा वळवला. गोलसर सज्जा, त्यावरच्या आडव्या पट्ट्या, सगळं देखणं. आणि त्या सज्जात एक आजी केस मोकळे सोडून उन्हात बसल्या होत्या. त्या इतक्या जवळ आल्या, की मी सवयीने "नमस्कार आजी" म्हणणार होतो. म्हणालो असतो तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. मी कॅमेरा खाली घेतला.

"काय झालं?" मेहुणे.

"घर आहे ते," मी म्हणालो.

"अहो, वर्ल्ड हेरिटेज आहे!"

"इमारत वर्ल्ड हेरिटेज आहे. दोरीवरचा पंचा अजून यादीत नाही."

उत्तर मेहुण्यांना पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पुरेसं वाटेना. आजी उघड्यावर बसल्या होत्या. मैदानातून शेकडो माणसं जात होती. कोणाचीही नजर सज्जाकडे जाऊ शकली असती. मग माझ्याच नजरेत असं काय जास्त होतं?

याचं उत्तर मला संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत मिळालं. चाळीत सगळ्यांना सगळं दिसतं. कोणाकडे आज काय शिजलं, कोणाचा मुलगा कितीला आला, सगळं. पण तिथे बघण्याची लाज वाटत नाही. मी कठड्याला टेकून समोरच्या बिऱ्हाडात बघत होतो, तोच पलीकडून आवाज आला, "काय जावईबापू, सासुरवाडीत तिसरा चहा झाला वाटतं?" म्हणजे मी त्यांचा स्वयंपाक मोजत होतो, तेव्हा त्या माझे चहा मोजत होत्या!

हीच ती डबल एन्ट्री! अकरावीच्या पुस्तकातली द्विनोंदी पद्धत. प्रत्येक नावेला एक जमा, आणि प्रत्येक जमेला एक नावे. जगात माणूस आल्यापासून नजरेचा व्यवहार याच पद्धतीने चालत आला आहे. मला तुझा चेहरा दिसतो आहे, याचा अर्थ माझाही चेहरा तुला दिसतो आहे. तू माझ्याकडे टक लावलीस, तर मी कपाळाला आठी घालीन. मी आठी घातलेली तू बघशील आणि नजर वळवशील. कीर्द तिथल्या तिथे पुरी, तेरीज जुळलेली. या हिशेबाला पोलीस लागत नाही आणि ऑडिटरही लागत नाही.

भिंग मध्ये आलं की हा हिशेब एकेरी होतो. माझ्याकडे जमा झालं, पण नावे कोणाच्या टाकायचं त्याचा पत्ताच नाही. ज्याच्या खात्यातून रक्कम गेली त्याला खबरच नसेल, तर त्या व्यवहाराला आमच्या बँकेत काय म्हणतात, ते मी इथे लिहीत नाही.

योगायोग असा की या दोन्ही गोष्टींचा संबंध एकाच गावाशी आहे. द्विनोंदी पद्धतीचं वर्णन करणारा लुका पाचोलीचा ग्रंथ १४९४ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. पद्धत व्यापाऱ्यांची, पाचोलीने ती पहिल्यांदा छापून मांडली. त्यानंतर ११५ वर्षांनी, १६०९ च्या ऑगस्टमध्ये, त्याच व्हेनिसमध्ये गॅलिलिओने तिथल्या मातब्बरांना एका मनोऱ्यावर चढवलं आणि आपली दुर्बीण दाखवली. आठ-नऊ पटींची. समुद्रातली गलबतं नुसत्या डोळ्यांना दिसायच्या दोन तास आधी तिच्यातून दिसत. व्हेनिसचं सरकार इतकं खूश झालं, की गॅलिलिओची नोकरी कायम झाली आणि पगारही भरघोस वाढला. त्याला आमच्यासारखी द्विपक्षीय कराराची वर्षानुवर्षं वाट बघावी लागली नाही. पण जमाखर्चाचा धडा छापणाऱ्या त्या शहरात हे कोणाच्या ध्यानात आलं नसावं, की गलबत आपल्याला दिसतं, पण आपण गलबताला दिसत नाही. पुढे त्याच गॅलिलिओने दुर्बीण गुरूकडे वळवली आणि १६१० च्या जानेवारीत त्याला गुरूचे चंद्र दिसले. तिथे हिशेबाचा प्रश्नच नव्हता. गुरूला कोण दिसलं काय आणि न दिसलं काय, तो काही संकोचत नाही.

तिसऱ्या दिवशी, चारच्या सुमाराला, आम्ही सहकुटुंब मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलो होतो. लेकीने कॅमेरा घेतला होता. किनारा तिथे कमानीसारखा वळतो, त्यामुळे कट्ट्यावर लांब बसलेली माणसंही नीट दिसतात. ती एकदम म्हणाली, "बाबा, ते काका रडतायत."

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर आम्ही सगळ्यांनी डोकी घातली. साधारण २०० मीटरवर ऑफिसच्या कपड्यांतला एक माणूस बसला होता. शेजारी डब्याची पिशवी. तो रुमालाने डोळे पुसत होता. थांबत होता, समुद्राकडे बघत होता, पुन्हा पुसत होता.

"शेअर बाजार," मेहुण्यांनी निकाल दिला.

"घरी काहीतरी झालं असेल हो," वहिनी म्हणाल्या.

"त्यांना कोणीतरी सोडून गेलंय," लेक. तिचं वय सोळा आहे.

मी काही बोललो नाही. दुसऱ्याच्या खात्यावर काउंटरबाहेर चर्चा करायची नाही, ही वीस वर्षांची सवय. पण बघत मीही होतो. गंमत म्हणजे माणूस समोर खराखुरा बसला होता, आणि आम्ही पाच जण त्याला तीन इंची पडद्यावर बघत होतो. नाटकाचा दुसरा अंक चालू असावा तसे.

एवढ्यात आमची ही उठली. पाण्याची बाटली घेतली आणि चालू लागली.

"अगं, कुठे?"

"पाणी देऊन येते."

जे २०० मीटर कॅमेऱ्याने एका सेकंदात ओलांडले होते, त्याला तिला तीन मिनिटं लागली. ती आमच्या चौकटीत आली तेव्हा मला ती नेहमीपेक्षा निराळी दिसली. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर बायकोकडे निरखून बघायला २००० मिलिमीटरचं भिंग लागतं, हेही एक तत्त्वज्ञानच. ती दोन हात अंतर ठेवून बसली. काही बोलली. तो काही बोलला. ओठ हलत होते, आवाज शून्य. दिसायला ४० पट आणि ऐकायला काहीच नाही! तो जरासा हसला, पाणी प्यायला. मग हिने हात करून आमच्याकडे दाखवलं.

आणि ते दोन चेहरे सरळ माझ्याकडे बघू लागले. त्याला माझा चेहरा दिसणं शक्य नव्हतं. मी त्याच्या लेखी एक ठिपका. पण त्याला आता ठाऊक होतं की इथे कोणीतरी आहे. मी कॅमेरा खाली ठेवला आणि हात वर केला. लांबून त्यानेही हात वर केलेला दिसला. साध्या डोळ्यांनी, बारीकसा. फोटो काही कोणी काढला नाही.

ही परत आल्यावर सगळ्यांनी एकदमच विचारलं, "काय म्हणाले?"

"खारा वारा डोळ्यांत जातो म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

"पण रडत होते ना?" लेकीने विचारलं.

"वारा जातो म्हणाले ना!" ही म्हणाली, आणि खातं बंद करताना मी ज्या ठामपणे शिक्का मारतो, त्याच ठामपणे तिने बाटलीचं झाकण लावलं.

मला वाटतं, या साऱ्या प्रश्नाचं मर्म त्या वाऱ्यात आहे. जवळ जाऊन बसलं की समोरच्या माणसाला एक संधी मिळते: काय सांगायचं आणि काय झाकायचं, हे ठरवायची. "बरंय," "जरा सर्दी झालीय," "वारा फार आहे." ही खोटी वाक्यं नव्हेत, ती माणसाने स्वतःच्या मनाला लावलेली दारं आहेत. ज्याला आत यायचंय त्याने कडी वाजवावी, घरच्याने वाटलं तर उघडावं. भिंगातून बघणारा दार मोडत नाही, हे खरं. पण त्याच्यापुढे दार लावायची सोयच राहत नाही. वारा खरा होता की दुःख खरं होतं, मला माहीत नाही. ते ठरवण्याचा हक्क त्याचा होता, आणि पडद्यावर तो हक्क आम्ही पाच जणांत वाटून घेतला होता.

मेहुण्यांनी रात्री जेवताना प्रतिवाद केला, आणि तो दुबळा नव्हता. "भावोजी, मोठे फोटोग्राफर माणसाच्या नकळतच फोटो काढतात. कॅमेरा दिसला की माणूस लाकूड होतो. तुमच्या लग्नाचे फोटो बघा! खरा चेहरा पाहिजे तर चोरूनच घ्यावा लागतो. आणि रस्त्यावर बसलेल्याचा फोटो काढणं हा काही गुन्हा नाही."

लग्नाच्या फोटोंबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. त्यांत मी कर्जाचा जामीनदार दिसतो. नकळत टिपलेला चेहरा जास्त खरा असतो, हेही मान्य. पण खरा आहे म्हणून तो माझा होत नाही. पासबुकातली शिल्लकही खरीच असते. कायद्याचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो कट्ट्यावर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यावर वकील भांडतील. कायदा फार तर काय करू नये ते सांगतो. उठून पाणी द्यावं, असं कोणत्याच कलमात नसतं.

राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यात १३ वं कलम आहे, निष्ठा आणि गुप्तता राखण्याचं. तशा प्रतिज्ञेवर आम्ही सह्या केलेल्या असतात. काउंटरवर दिवसाला दीडशे माणसांची पोटातली गोष्ट मला दिसते. कोणाची ठेव मुदतीआधी मोडली, कोणाचा मुलगा पैसे पाठवायचा थांबला, कोणी सोनं सोडवलं आणि कोणी पुन्हा ठेवलं. पण तिथे मी त्यांच्यासमोर बसलेला असतो. माझं नाव छातीवर लावलेलं असतं, आणि मी जेवायला पाच मिनिटं उशीर केला तर तेच मला सुनावतात. माझ्या डोक्यावरही एक कॅमेरा आहे, दिवसभर माझं टक्कल बघणारा. पण त्याच्याखाली निदान पाटी तरी आहे: 'आपण सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली आहात.' यंत्रालासुद्धा एवढी रीत आहे.

तेव्हा मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. चंद्र, पक्षी, देवळांचे कळस आणि राजाबाई टॉवरवरचे २४ गृहस्थ यांच्यासाठी ८३ च्या ८३ पट. जिवंत माणसासाठी मात्र तेवढंच जवळ यायचं, जेवढ्या जवळून तो मला "काय हो, काय पाहिजे?" असं विचारू शकेल. त्याहून जवळचं हवं असेल तर भिंग आत घ्यायचं आणि पाय बाहेर काढायचे. पायांना वेळ लागतो. पण तेवढ्या वेळात आपण कशाला चाललोय, हे आपल्यालाही कळतं आणि समोरून येणारा माणूस त्यालाही दिसतो. सुपरझूममध्ये नेमका हाच वेळ वाचतो, आणि वाचलेला वेळ जमेला धरावा की नावे टाकावा, हे मला कॉमर्सच्या पदवीनेही सांगितलेलं नाही.

नियमात एकच अपवाद केला आहे. मेहुणे चाळीच्या गच्चीवरून माझ्याच कॅमेऱ्याने माझे फोटो काढत होते, असं मला मागाहून कळलं. एकात मी चौथा चहा पितो आहे. तो फोटो मी पुसून टाकलेला नाही. माणूस खराखुरा आनंदात दिसतो आहे.